ओझे उतरले, देव्हारा मात्र गेला

इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेम येथे आद्य ख्रिस्ती धुरीणांची एक बैठक झाली. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्तास मानावयाचे, तर त्यांनी आधी सुंता करून यहुदी व्हावे काय, हा वाद होता. पौल आणि बर्णबा यांनी त्यास विरोध केला, पेत्राने त्यांची बाजू घेतली आणि याकोबाने निवाडा दिला की, परराष्ट्रीयांवर हे ओझे लादू नये. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात हा प्रसंग आहे.

याच निवाड्याचा दाखला देऊन, ख्रिस्ती मत कोणाच्याही संस्कृतीस धक्का लावीत नाही, असे सांगितले जाते. तो दाखला अर्धाच आहे. मूर्तींशी संबंधित सारे वर्ज्य करावे, ही अट त्याच निवाड्यात आहे. सवलत मिळाली ती सुंतेपुरती, दैवतांना नव्हे. ग्रीकाने खुशाल ग्रीक राहावे, पण देव्हारा सोडून! हिंदू घरात कुलदैवत, कुळाचार, सणवार हे सारे देव्हाऱ्याभोवतीच उभे असते. तो गेल्यावर उरते ती कोणती संस्कृती?

बरे, दिलेली सवलत तरी पाळली गेली काय? नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाले. संसार दुभंगला, लक्ष्मीबाईंनी काही वर्षे पतीविना काढली. टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही. मात्र भारतीय वळणाच्या ख्रिस्तभक्तीसाठी १९१७ मध्ये त्यांना मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडावा लागला. यरुशलेमचा निवाडा अठराशे वर्षांनंतरही मिशनच्या चौकटीत मावला नाही!

नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५६ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी समितीने, मतांतरण हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या विदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस केली. धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला.

ख्रिस्ती शेजाऱ्याशी कोणाचे वैर नाही. तो याच मातीचा आहे. आक्षेप आहे तो अर्धे वचन पुढे करणाऱ्या प्रचाराला. त्याला उत्तर संतापाने देता येत नाही, अभ्यासाने देता येते. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने तो १५ वा अध्याय स्वतः, पूर्ण वाचावा.