कॅमेऱ्याची किल्ली कोणाच्या खिशात?

रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला कॅरेज की म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एकच चावी, आणि ती डब्यामागून डब्याला चालते. ती फक्त ड्यूटीवरच्या माणसाकडे असावी असा नियम, पण प्रत्यक्षात ती फलाटावरच्या फेरीवाल्याच्या खिशातही सापडते. आज आम्ही कॅमेऱ्यांबद्दल लिहीत आहोत, पण गोष्ट हीच आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत डेपो, कारखाने, बँका, दवाखाने, सगळीकडे सीसीटीव्ही लागले. संघटना म्हणून आम्ही एकाच मुद्द्यावर भांडत आलो की कॅमेऱ्यातून साहेब आमच्यावर पाळत ठेवतो. ते भांडण योग्यच होते. पण साहेबाशिवाय आणखी कोण बघतो, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

सुचले ते स्वतःच्या घरात ठेच लागल्यावर. आमच्या शाखेच्या कार्यालयात चोरी झाली म्हणून आम्हीच वर्गणीतून चार कॅमेरे बसवले होते. बसवणाऱ्याने सेक्रेटरींना घरबसल्या मोबाईलवर कार्यालय दिसेल अशी सोय करून दिली. आम्ही खूश. काही वर्षांनी एका सभासदाच्या मुलाने, जो बाहेरगावी कॉम्प्युटर शिकतो, वडिलांना फोनवर सांगितले की तुमच्या युनियनचे टेबल मला इथून दिसते आहे. त्याने काही कुलूप फोडले नव्हते. पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि तो माहितीपत्रकात छापलेला असतो. त्या टेबलापुढे कोण बसते? चार्जशीट मिळालेला ट्रॅकमन बसतो. साहेबाविरुद्ध तक्रार घेऊन आलेली बहीण बसते, फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन रडत आलेली विधवा बसते. दुसऱ्याला जाब विचारणारे आम्ही, आणि आमचेच दार सताड उघडे!

हे होते कसे, ते आम्ही समजून घेतले. जुन्या पद्धतीत बसवणारा माणूस राउटरमध्ये एक वाट मोकळी करून देतो, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत येता यावे. ती वाट मालकाला मोकळी तशी जगालाही मोकळी. इंटरनेटवर अशी उघडी यंत्रे हुडकून त्यांची यादी ठेवणारी शोधयंत्रे आहेत. शोडान नावाचे २००९ पासून चालू आहे. काही जुन्या कॅमेऱ्यांत तर पासवर्डशिवाय चित्र दाखवण्याची सोयच असते आणि ती कोणी बंद केलेली नसते. शिवाय जुन्या यंत्राच्या आतला प्रोग्रॅम कंपनी काही वर्षांनी सुधारणे सोडून देते. त्यातले भोक मग कायमचे भोक राहते.

ही बाब नवी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जाहीर इशारा दिला होता, कारण मूळ पासवर्ड न बदललेल्या हजारो कॅमेऱ्यांची थेट चित्रे एका ठिकाणी मांडून ठेवलेली होती, घरातल्या पाळण्यांसकट. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीची चित्रे चोरून विकली जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही होते. पासवर्ड काय, तर ‘ॲडमिन १२३’.

काही सभासद म्हणतात, आम्हाला काय लपवायचे आहे? त्यांना आमचे विचारणे आहे की रनिंग रूममध्ये रात्रभर गाडी चालवून आलेला लोको पायलट बनियनवर झोपतो, त्याने काय लपवले? सफाई कामगार बहिणी कपडे बदलायच्या खोलीत ज्या बोळातून जातात, त्या बोळातल्या कॅमेऱ्याचे काय? जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ७४ हजार डबे आणि १५ हजार इंजिनांत कॅमेरे बसवण्याचे जाहीर केले. प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या सुरक्षिततेसाठी ते होत असेल तर आमचा विरोध नाही. पण किल्ली कोणाकडे, हे आजच लिहून घेतले पाहिजे. कारण आमचा अनुभव असा की चित्र बाहेर गेले की पहिली चार्जशीट वॉचमनला मिळते. पासवर्ड कोणी बदलायचा होता, हे कोणी विचारत नाही.

कायदा आहे. खाजगी अंगांचे चित्र संमतीशिवाय टिपणाऱ्याला किंवा पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षेचे निकष ठरवले, ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. पण ते बाजारात येणाऱ्या नव्या मालासाठी. भिंतीवर आधीच लटकलेल्या जुन्या मालाकडे कोण बघणार?

उपाय काही फार खर्चाचा नाही. पासवर्ड बदलावा, आणि बसवणाऱ्याचे वेगळे खाते ठेवलेले असेल तर तेही काढावे. राउटरमधली ती मोकळी वाट बंद करावी. राउटर आपोआप वाट उघडून देतो ती सोयही बंद करावी, नाहीतर पुढून कुलूप आणि मागून खिडकी उघडी. बाहेरून बघणे खरोखरच गरजेचे असेल तर व्हीपीएनमार्गे बघावे. जाणकाराला सांगितले तर तो करून देतो. मग मोबाईलचे वायफाय बंद करून, बाहेरच्या माणसासारखे, कॅमेरा उघडतो का ते स्वतः पाहावे. ज्या कॅमेऱ्याचा पासवर्डच बदलत नाही किंवा ज्याची कंपनी सुधारणा देत नाही, त्याला इंटरनेटवरून काढावे. रेकॉर्डर इंटरनेटशिवायही चालतो, चोर त्यातही दिसतो. आमच्या कार्यालयात आता तसेच आहे. घरबसल्या बघण्याची सोय गेली, एवढेच.

आम्ही विभागीय पीएनएम बैठकीत मागणी ठेवली आहे की प्रत्येक कामाच्या जागी कॅमेऱ्यांचे रजिस्टर असावे. कॅमेरा कुठे, कधी बसवला, बाहेरून दिसतो का, पासवर्डला जबाबदार अधिकारी कोण, हे त्यात नोंदलेले असावे आणि कामगार प्रतिनिधीला ते पाहता यावे. प्रशासनाचे उत्तर आले: माहिती संकलित करण्यात येत आहे. विषय पुढील बैठकीवर ठेवला आहे. इटारसी, हुबळी, सिकंदराबादकडील ज्या बांधवांनी आपल्या शाखेत अशी नोंद केली असेल, त्यांनी तिची प्रत आम्हाला पाठवावी, बैठकीत टेबलावर ठेवायला उपयोगी पडेल.