जकातीची भिंत आणि कारखान्यांतील इंधन

आयात-निर्गत खुली असावी कीं जकातीनें बांधलेली असावी, हा वाद व्यापाऱ्यांचा व गिरणीवाल्यांचा आहे, आपला नव्हे, असें पुष्कळ शेतकरी समजतात. ही समजूत आपणांस महाग पडते. कारखान्यांत जें इंधन व्यर्थ जळतें, त्याचा खर्च मालाच्या किंमतींत मिसळून अखेर गिऱ्हाइकाच्या माथीं बसतो. आणि लोखंड, सिमेंट, पंप, खत यांचें गिऱ्हाईक आपणच आहों.

१९९१ पूर्वीं कांहीं परदेशी जिनसांवर शेंकडा ३०० हून अधिक जकात होती. २००७ पर्यंत शेतीबाहेरील मालावरील सर्वसाधारण कमाल दर शेंकडा १० वर आला. भिंतीआड बसलेल्या कारखानदारास जुनी भट्टी बदलण्याची निकड नसते. कोळसा अधिक जळाला तर तो भाव चढवितो. भिंत उतरली म्हणजे भाव त्याच्या हातीं राहत नाहीं, आणि कोळशाचा हिशोब तो मन लावून पाहूं लागतो. शिवाय चांगलीं यंत्रें स्वस्त मिळतात.

सिमेंटचें उदाहरण घ्यावें. कच्च्या मालाचा पाणी घालून रगडा करण्याच्या जुन्या रीतींत दर किलो क्लिंकरमागें सुमारें १,३०० किलोकॅलरी उष्णता लागे, कारण पुष्कळशी पाणी आटविण्यांतच जाई. कोरड्या रीतींत भट्टीच्या उष्ण धुरानेंच माल आधीं तापवितात, म्हणून सुमारें ७५० पुरतात. भावनियंत्रण १९८२ मध्यें अंशतः व १९८९ मध्यें पूर्णपणें उठलें, आणि कोरडी रीत झपाट्यानें पसरली. येथें स्पर्धा मुख्यतः आपल्याच कारखान्यांची आपसांत होती, हें खरें; पण गुण तोच.

युरियाची गोष्ट निराळी. नैसर्गिक वायु हाच त्याचा कच्चा माल आणि तोच इंधनही. १९७७ पासून प्रत्येक कारखान्यास त्याच्या स्वतःच्या खर्चावर बेतलेला भाव व भांडवलावर शेंकडा १२ नफा सरकारनें बांधून दिला. शेतीस खत मिळालें, हा उपकार नाकारतां येत नाहीं. पण ज्याचा खर्च अधिक त्यास भावही अधिक, ही रीत काटकसरीस पोषक कशी व्हावी? २००३ मध्यें गटवार भाव आले, २०१५ मध्यें इंधनाचीं प्रमाणें कडक झालीं, तेव्हां सुधारणेस जोर आला. (मीटर नसलेल्या विजेवर चालणाऱ्या आपल्या पंपांसही हाच न्याय लागतो, हें ऐकावयास कडू आहे.)

तरी खुल्या व्यापारास देव मानूं नये. कोल्हापुरच्या ओतशाळांत आपल्या पंपांचे व इंजिनांचे ओतीव भाग होतात. कोक कोठें वायां जातो हें तेथील लहान मालकास कळत नाहीं असें नाहीं. नवी भट्टी बसविण्यास भांडवल कोठून आणावें, ही त्याची अडचण. नुसत्या स्पर्धेच्या धक्क्यानें तो सुधारण्याऐवजीं बुडेल, आणि मोडलेल्या पंपाचा भाग आपणांस दूरवरून आणावा लागेल. म्हणून जकात उतरविण्याची मागणी करतांना, लहान कारखान्यांस भट्टी बदलण्यापुरतें हलक्या व्याजाचें कर्ज व जाणत्या तंत्रज्ञाचा सल्ला मिळावा, ही मागणी शेतकऱ्यांच्या सभांनीं त्याच ठरावांत घालावी.