सिग्नलच्या खांबाला फ्लेक्स बांधू नका : एक जाहीर आवाहन

गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, सर्व पक्षांचे पदाधिकारी, चौकातले दुकानदार आणि आसपासच्या सोसायट्यांचे सभासद, या सगळ्यांना हे आवाहन आहे. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे फ्लेक्स लावावेत की नाहीत, हा वाद इथे काढायचा नाही. मागणी एवढीच, की वाहतुकीच्या सिग्नलच्या खांबावर आणि त्याच्या लगत काहीही लावू नये. फ्लेक्समुळे शहर विद्रूप दिसतं ही तक्रार जुनी आहे, रास्तही आहे. पण सिग्नलजवळच्या फ्लेक्सचा धोका त्याहून गंभीर आहे : तो वाहन चालवणाऱ्याला उशीर करतो आणि उशीर झाला हे त्याला कळतही नाही.

1974 साली बार्बरा आणि चार्ल्स एरिक्सन या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. समोर एच किंवा के हे अक्षर दिसलं तर खटका एका बाजूला ढकलायचा, एस किंवा सी दिसलं तर दुसऱ्या बाजूला. अक्षर नेमकं कुठे उमटणार हे माहीत होतं आणि आजूबाजूच्या अक्षरांकडे दुर्लक्ष करायचं होतं. तरीही शेजारची अक्षरं उलट बाजूची असली की हात उशिरा हलायचा. ती जितकी जवळ, तितका उशीर जास्त. अंतर वाढवलं की तो बराच कमी व्हायचा. म्हणजे पाहायचं नाही असं ठरवूनही मेंदू जवळचं सगळं टिपतोच, आणि त्यातून उठलेली चुकीची हालचाल आवरण्यात त्याचा वेळ जातो. आता आपला चौक बघा. सिग्नलच्या लाल दिव्याला लागूनच मेडिकल दुकानाची हिरवी एलईडी पाटी लुकलुकते आहे. खाली सुतळीने आवळलेला फ्लेक्स, त्यावर साहेबांचा भलामोठा चेहरा आणि तळाशी शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. चेहऱ्याकडे माणसाची नजर आपसूक वळते. लाल दिव्याला इतके शेजारी आपणच आणून दिले आहेत.

यावर कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतला उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. खरं आहे. पण ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी तेवढ्या वेळात एक मीटरपर्यंत पुढे सरकते आणि झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकलेल्या आजीबाईंच्या दृष्टीने तो मीटर लहान नाही. शिवाय फ्लेक्स वाचायला नजर वळली, तर हिशेब सेकंदांचा होतो. अमेरिकेत सुमारे शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचा अहवाल 2006 मध्ये आला. दोन सेकंदांहून जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. त्याच वेगाने दोन सेकंदांत गाडी 22 मीटर जाते. ‘रोजच्या पाट्यांची सवय होते’ हा दुसरा आक्षेप एखाद्या कायमच्या पाटीपुरता मानता येईल. आपले फ्लेक्स मात्र दर आठवड्याला बदलतात, आणि ते लोकांनी पाहावेत म्हणूनच तर लावलेले असतात! जाहिरात फलकांमुळे अपघात नेमके किती वाढतात, याबाबत संशोधकांचं एकमत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. पण सिग्नलचा खांब मोकळा ठेवण्याला काडीचा खर्च येत नाही, म्हणून पक्क्या आकड्यासाठी थांबून राहणं मला पटत नाही.

फ्लेक्स छापणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, अशी काळजीही व्यक्त होते. ती मी हलकी मानत नाही. पण जागा बदलल्याने छपाई थांबत नाही. तोच फ्लेक्स मंडपाच्या दारात, मैदानाच्या कुंपणावर किंवा मंडळाच्या कार्यालयावर लावला तर लोक उभे राहून निवांत वाचतील. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा 1995 पासून आहे, बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानेही पालिकांना वारंवार फटकारलं आहे. तरी कारवाईची गाडी येईपर्यंत वाट का पाहायची? फ्लेक्स बांधणारे हात आपल्याच पोरांचे आहेत. दुकानदारांनी सिग्नलशेजारची लुकलुकणारी लाल-हिरवी पाटी स्थिर, पांढरी करावी. सोसायट्यांनी चौकाकडची भिंत जाहिरातीला देऊ नये. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, सुतळी आवळण्याआधी चौकातल्या थांबण्याच्या पट्ट्यामागे उभं राहून सिग्नलकडे पाहा. तुमचा फ्लेक्स त्याच नजरेत येत असेल तर तो उतरवून दुसरीकडे लावा.