वाळूवर उंटावरचे शहाणे नकोत

शस्त्राचे सामर्थ्य केवळ त्याच्या पल्ल्यात आणि स्फोटकात नसते. ते वेळेवर, हव्या त्या ठिकाणी पोहोचण्यातही असते. हे सत्य नागपूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीने ‘पिनाक’ अग्निबाणांच्या उत्पादनात दीर्घकाळ वाटा उचलला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने याच अग्निबाणांसाठी ज्या कंपन्यांशी करार केले, त्यांत नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज ही एक आहे. पिनाकाचा प्रक्षेपक टायरवर धावणाऱ्या टाट्रा ट्रकवर असतो. याउलट, मुख्यतः वाळवंटासाठी म्हणून 2017 च्या करारान्वये घेतलेल्या ‘के-9 वज्र’ या 100 तोफा रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवर चालतात. मग वाळूवर खरे काय, टायर की पट्टा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर निसर्गाने उंटाच्या तळव्यात लिहून ठेवले आहे. तो तळवा पसरट व मऊ असतो. भार पडताच आणखी पसरतो आणि वाळूत रुतत नाही. वाहनाचे एकूण वजन किती, यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरवर त्याचा किती दाब पडतो, हे वाळूवर निर्णायक ठरते. ‘अर्जुन’ रणगाडा सुमारे 58 टनांचा; पण रुंद पट्ट्यांमुळे त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून कमी भरतो. डांबरी रस्त्यासाठी कडक हवा भरलेल्या मालट्रकच्या टायरचा दाब याच्या कित्येक पट असतो. कन्हानच्या पात्रात रुतलेले ट्रॅक्टरचे चाक जितके फिरवावे तितके खोल का जाते, हे विदर्भात कोणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून टायर बाद ठरतो काय? मुळीच नाही. टायरमधील हवा कमी केली की त्याचा तळ लांब पसरतो आणि टायर उंटाच्या तळव्याचे काम करू लागतो. ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी 1930 च्या आसपास लिबियाच्या वाळवंटात याच युक्तीने साध्या मोटारी वाळूच्या टेकड्यांपलीकडे नेल्या. पुढे 1940 मध्ये त्यांनी उभारलेल्या तुकडीने ट्रकांच्या बळावर शत्रूच्या पिछाडीला सळो की पळो करून सोडले. आज अनेक लष्करी वाहनांत चालकाला जागेवरूनच चाकांतील हवा कमी-अधिक करता येते.

पट्टा म्हणजेही काही मंतरलेला ताईत नव्हे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री लोंगेवालावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे पट्ट्यांवरच चालत होते. तरीही मऊ वाळूत त्यांतील कित्येक रुतले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे 120 जवानांनी रात्रभर ठाणे सोडले नाही, आणि पहाटे जैसलमेरहून झेपावलेल्या हंटर विमानांना उघड्यावर आयती लक्ष्ये सापडली. शत्रूने यंत्र आणले होते, पण भूमी जाणून घेतली नव्हती. शिवाय पट्टे इंधन अधिक मागतात, वाळूने झिजतात, आणि लांबच्या प्रवासासाठी त्यांना ट्रेलरवर चढवावे लागते.

तेव्हा निवड कामावरून व्हावी. वज्र तोफेला रणगाड्यांच्या बरोबरीने वाळूच्या टेकड्या ओलांडावयाच्या आहेत. तिला पट्टा हवाच. पिनाक 44 सेकंदांत 12 अग्निबाण सोडतो आणि शत्रूचा प्रतिहल्ला येण्यापूर्वी त्याला जागा बदलावी लागते. त्याचा मारा दूरवरचा असल्याने त्याला आघाडीच्या टेकडीवर चढण्याचे कारण नाही. रस्त्यावर वेग देणारे चाकच त्याला शोभते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत.

खरी चिंता निराळीच आहे. वातानुकूलित दालनात बसून, परदेशी माहितीपत्रकांतील आकडे वाचून वाहनांची तुलना करणारे उंटावरचे शहाणे आपल्याकडे कमी नाहीत. युरोपातील चिखलात उत्तम ठरलेले वाहन थरच्या वाळूत उत्तम ठरेलच असे नाही. खरेदीच्या कागदावर यंत्राच्या आधी भूमीचे आणि कामाचे वर्णन यावे. प्रत्येक वाहनाची कसोटी थरमध्ये, मे-जूनच्या उन्हात आणि पूर्ण भारानिशी व्हावी. चालकाला हवा केव्हा उतरवावी आणि पक्का रस्ता लागताच ती पुन्हा केव्हा भरावी, याचे शिक्षण मिळावे. कारण कमी हवेचा टायर डांबरी रस्त्यावर वेगाने पळवला तर तापून फुटतो. कोट्यवधींच्या प्रक्षेपकाचे भवितव्य अशा वेळी एका साध्या हवेच्या मापकावर अवलंबून असते.

नागपुरात घडलेला अग्निबाण कितीही अचूक असो, त्याला वाहून नेणारे चाक वाळूत रुतले तर तो भातात राहिलेला बाणच ठरेल. संरक्षणातील स्वावलंबन म्हणजे केवळ शस्त्र येथे घडविणे नव्हे. आपल्या मातीचे आणि वाळूचे ज्ञानही आपलेच असणे होय.