पोह्यांऐवजी पुळण
कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे सहसा वाईट नसतात. वाईट असते ती बैठक. समोरासमोर खुर्च्या, मधे टीपॉय आणि शिक्षण, पगार, पत्रिका अशी सरबत्ती. दोघांनीच ठरवलेल्या पहिल्या भेटीतही आपण नकळत तीच मांडणी उचलतो, फक्त पोह्यांच्या जागी कॉफी येते. म्हणून रत्नागिरीत भेटायचे तर टेबल सोडून मांडवीची जेट्टी किंवा भाट्याची पुळण गाठावी, असे माझे मत. शेजारी शेजारी चालताना नजर सतत भिडवावी लागत नाही, गप्प राहिले तरी अवघडत नाही, आणि विषय अडलाच तर ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 च्या सुमारास बांधलेला थिबा पॅलेस आहेच. प्रश्न विचारूच नयेत असे नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्पीड-डेटिंगमध्ये समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचे होकार अधिक मिळालेले दिसले. पाठ केलेल्या यादीतून असा प्रश्न निघत नाही, त्यासाठी ऐकावे लागते. आता हरकत येईल, की गाव एवढेसे, कुणीतरी मावशी बघणार नि दिवेलागणीच्या आत घरी बातमी! खरे आहे, आणि ही धास्ती मुलीला जास्त. म्हणून जागा-वेळ तिनेच ठरवावी. पण आडोसा शोधल्याने धास्ती वाढतेच. अनोळखी माणसासोबत चारचौघांत, भेळवाल्यापासून दहा पावलांवर असलेले बरे. आणि तासाभराची मर्यादा आधीच सांगावी. कंटाळा आला तर सुटका; गप्पा रंगल्या तर सूर्य बुडेपर्यंत थांबायला कोण नको म्हणतो?