रिक्षाचं फिटनेस फोनवर दिसतं, बोटीचं का नाही?

रिक्षाचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकला की फिटनेस कधी संपतंय, इन्शुरन्स चालू आहे का, हे लगेच कळतं. तलावावर बोटीत बसताना असं काही बघता येत नाही.

आपल्या हिंगण्यावरून वाहणाऱ्या वेणा नदीचंच घ्या. 9 जुलै 2017 ला वेणा धरणात 11 जणांची बोट उलटली, आठ जण बुडाले. बोटीतून फेसबुक लाइव्ह झालं होतं, त्यामुळे चर्चा सगळी सेल्फीची झाली. बोट किती माणसांची, ती तपासली कोणी, हे मागेच राहिलं. मग जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात 14 जण गेले, त्यात 12 शाळकरी मुलं. तिथेही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

कायदा नाही असं नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. इंजिनाच्या बोटीला तपासणीचं प्रमाणपत्र आणि नोंदणी हवी, आणि या नोंदी देशाच्या एकाच डेटाबेसमध्ये जायच्या आहेत. बिनइंजिनाच्या बोटींची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे. आपल्याकडचे वल्ह्याचे डोंगे यातच येतात. डेटाबेस बनवणं सोपं आहे हो, आम्ही तेच करतो दिवसभर. पण गावपातळीवर बोट तपासणारा माणूस आणायचा कुठून?

इंग्लंडमध्ये कालव्यांवर लोक अरुंद, लांबट बोटींत चक्क घर करून राहतात. तिथे लायसन्ससाठी सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, जास्तीत जास्त चार वर्षांचं. त्यात गॅस, इंधन, वायरिंग तपासतात. गंमत म्हणजे बोटीचा तळ शाबूत आहे का, हे त्यात येतच नाही. त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते. आपल्या डोंग्यात ना गॅस ना वायरिंग. इथे सगळा खेळ तळाचा, फटी बुजवण्याचा आणि माणसं मोजण्याचा. त्यामुळे उद्या बोटीवर क्यूआर कोड आला, तर नुसती हिरवी टिक नको. काय तपासलं, कधी तपासलं, किती माणसं चालतील, आणि तळाचा तारखेसह फोटो, एवढं त्यात दिसलं पाहिजे.

तोवर डोळ्यांनीच बघा: बोटीवर क्षमतेचा आकडा लिहिलाय का, जॅकेटं माणसांइतकी आहेत का, आणि तळाशी पाणी साचलंय का. साचलं असेल, तर नावाड्याला आधी ते का साचलं ते विचारा.