फुटपाथ कुणी खाल्ला?

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरून अम्मीला घेऊन स्टेशनकडे निघालो की रोज तेच. फुटपाथवर चढावं तर तिथे दुचाक्या लावलेल्या. खाली उतरावं तर मागून रिक्षाचा हॉर्न. गुडघे दुखणारी अम्मी दोन-तीनदा चढते-उतरते, मग कंटाळून गाड्यांमधूनच चालू लागते. सायकलवरून शाळेला जाणाऱ्या पोरांचीही हीच गत.

तक्रार करा, उत्तर ठरलेलं: फेरीवाले हटवा! मला हे साफ अमान्य आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फेरीवाल्यांसाठी जागा ठरवायला सांगितलं आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य त्यांचेच असावेत असंही म्हटलं आहे. आधी जागा आखून द्या, मग बाहेर बसणाऱ्याला खुशाल उठवा. भाजीची टोपली रात्री घरी जाते. फुकटात लावलेली मोटार रात्रंदिवस तिथेच असते. मग कारवाई फक्त टोपलीवर का?

फुटपाथ म्हणजे पालिकेची मेहेरबानी नव्हे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. न्यायालय जगण्याचा हक्क म्हणतं, ते उगाच नाही.

काय करायचं तेही गुपित नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे: चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दुचाक्यांसाठी वेगळी जागा आखा. स्टेशनकडे जाणारा एक तरी रस्ता आधी असा करून दाखवा.

आणि आता आपल्या घरचं. जुम्म्याला मशिदीबाहेर आडव्यातिडव्या गाड्या लावणारे आपणच असतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे लहानपणी मदरशात शिकलोय ना? मग ती वस्तू आपलीच मोटारसायकल असेल तर?

पालिकेला जाब जरूर विचारू. पण येत्या शुक्रवारी चालत या.